गच्चीची किल्ली कुणाकडे आहे?

प्रति,
इमारतींच्या व्यवस्थापन समित्यांवर काम करणाऱ्या सर्व मंडळींस

विषय: सोसाट्याचा वारा सुटण्याआधी करायची कामं

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यासारखाच एका इमारतीत राहणारा माणूस. फरक एवढाच, की हातपाय चालत होते तोवर माझा धंदा फॅब्रिकेशनचा होता. पत्र्याच्या शेड, ग्रिल, लोखंडी जिने, टाक्यांचे स्टँड. त्यामुळे वारा सुटला की बाकीचे लोक आभाळाकडे बघतात आणि माझं लक्ष आजूबाजूच्या गच्च्यांवर जातं. कुठला पत्रा थरथरतोय, कुठल्या टाकीला झाकण नाही, कुणी जुनं दार भिंतीला नुसतंच टेकवून ठेवलंय.

हे पत्र लिहायचं कारण आमच्याच इमारतीत घडलं. रात्री दीडच्या सुमारास वारा वाढला आणि डोक्यावर धाड-धाड सुरू झालं. गच्चीवर टाक्यांवर सावलीसाठी पत्रा टाकलेला आहे, त्याचं एक टोक सुटलं होतं. प्रत्येक झोताबरोबर ते उचलायचं आणि अँगलवर आपटायचं. चौघेजण जिना चढून गच्चीच्या दारापाशी जमलो. दाराला कुलूप. किल्ली खजिनदारांकडे आणि खजिनदार परगावी. एकजण कुलूप तोडायला हातोडी आणायला निघाला. मी त्याला हाताला धरून थांबवला, कारण किल्ली असती तरी त्या वेळी वर जायचं नव्हतं. अंधारात, ओल्या स्लॅबवर, सुटलेल्या पत्र्यासमोर उभं राहून माणूस काय करणार? पत्र्याची कड सुरीसारखी असते. हात घातला तर बोटं जातात, मान आडवी आली तर त्याहून वाईट.

साडेतीनला आवाज बंद झाला. बाकीचे म्हणाले, चला, सुटलो. मला मात्र तेव्हाच खरी धास्ती वाटली. आपटणारा पत्रा गप्प झाला म्हणजे तो आता जागेवर नाही.

सकाळी तो शेजारच्या आवारात सापडला. सायकल स्टँडच्या पाइपाभोवती कागदासारखा गुंडाळला गेला होता. एक कोपरा बाहेर आलेला, माझ्या छातीच्या उंचीवर. त्याच जागी सकाळी मुलं शाळेच्या गाडीची वाट बघत उभी असतात. त्या दिवशी शाळेला सुट्टी दिली होती, म्हणून तिथे कुणी नव्हतं.

वर जाऊन फ्रेम बघितली. जिथे चार जे-हूक, म्हणजे पत्रा खालच्या लोखंडी अँगलला धरून ठेवणारे वाकडे बोल्ट, हवे होते तिथे दोन. रबरी वॉशर उन्हाने कडक होऊन चुरा झालेले. पत्र्याची भोकं गोल राहिली नव्हती, लांबट झाली होती. हे एका रात्रीत होत नाही. वर्षानुवर्षं पत्रा थोडा थोडा हलतो, भोक थोडं थोडं मोठं होतं आणि एके दिवशी नटच त्यातून आरपार निघतो. ती शेड मी बांधलेली नाही, पण खोटं कशाला बोलू, उमेदीच्या काळात मीही असे पत्रे मारलेत. एक भोक सोडून एक. काम लवकर आटपायचं, चार पैसे वाचायचे, आणि वरून कोण बघतंय? त्यातले किती उडाले असतील, देव जाणे.

या दुखण्याचा मोठा धडा जगाला १९७४ साली मिळाला. ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरावर ऐन नाताळच्या पहाटे ‘ट्रेसी’ नावाचं चक्रीवादळ आलं. विमानतळावरच्या यंत्राने ताशी २१७ किलोमीटरचा झोत नोंदवला आणि त्यानंतर ते यंत्रच बंद पडलं. शहरातली बहुतेक घरं गेली. नंतर अभियंत्यांनी ढिगारे तपासले, तेव्हा लक्षात आलं की पुष्कळ ठिकाणी पत्रा एका दणक्यात फाटलेला नव्हता. झोत येतो, जातो, पुन्हा येतो. दर वेळी स्क्रूच्या भोवतीचा पत्रा वाकतो आणि सरळ होतो. तार वाकवून वाकवून तोडतो ना आपण, तसं. स्क्रूभोवती बारीक तडे गेले, पत्रा स्क्रूच्या डोक्यावरून निसटला आणि स्क्रू तिथेच राहिला. त्यानंतर तिथले बांधकामाचे नियम बदलले. पत्रा किती वेळा वाकवून तपासायचा हेसुद्धा ठरवावं लागलं.

आता थोडा हिशेब सांगतो. कंटाळू नका, शेड मारणाऱ्या पोरालाही मी हा सांगायचो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्याचा एका चौरस मीटरवर साधारण १७ किलोचा रेटा पडतो. ताशी १२०ला तोच ६८ किलोच्या आसपास जातो. दहा फूट लांब, साडेतीन फूट रुंद पत्रा धरला, म्हणजे सव्वातीन चौरस मीटर, तर त्याच्यावर दोनशे किलोच्या वर जोर लागतो. पत्र्याचं स्वतःचं वजन १५ किलोच्या आसपास. उरलेला सगळा भार त्या दोन हुकांवर.

आणि हा जोर खाली दाबत नाही, वर ओढतो. छताच्या कडेवरून वारा उसळून जातो तेव्हा कडेला आणि कोपऱ्यांत ओढ सगळ्यात जास्त असते. म्हणून शेड उडते तेव्हा सुरुवात बहुधा कोपऱ्यातून होते. मधले हूक ठाकठीक आहेत म्हणून निश्चिंत राहू नका. कोपरे आणि कडा बघा, आणि तिथे प्रत्येक भोकात हूक घाला. भोक लांबट झालं असेल तर मोठा वॉशर टाकून वेळ मारून नेता येते, पण तो पत्रा पुढच्या वर्षी बदलायचा आहे हे वहीत लिहून ठेवा. हूक पकडतो तो अँगल गंजला असेल, तर नवा हूक घालून उपयोग नाही. हातोडीने हलकं ठोकून बघा. खणखणीत वाजला तर बरा. भद्द वाजला आणि पापुद्रे पडले तर वेल्डरला बोलवा.

गच्चीवरचा बाकीचा पसारा भराभर सांगतो.

पाण्याची प्लॅस्टिकची टाकी रिकामी असेल तर एकटा माणूस ती गडगडवत नेतो, मग वाऱ्याला काय जड? हजार लिटरची टाकी भरली की एक टन होते, जागची हलत नाही. इशारा मिळाला की सगळ्या टाक्या काठोकाठ भरा. वीज गेली तर पंप बंद राहणार, तेव्हा तेच पाणी कामाला येईल. झाकणं मात्र तारेने बांधा. नुसती ठेवलेली झाकणं तबकडीसारखी जातात.

गळती थांबवायला ताडपत्री टाकतात आणि तिच्यावर विटा ठेवतात. मंडळी, हे करू नका. वारा ताडपत्रीखाली शिरला की ती फुगते, विटा घरंगळत कठड्याकडे जातात आणि खाली जातात. ताडपत्री लागतच असेल तर कडेला लाकडी पट्टी लावून स्क्रूने आवळा.

सोलरच्या पॅनेलचे क्लॅम्प वर्षातून एकदा पान्याने आवळून घ्यावेत, नुसते बघून चालत नाही. डिशचे नट तसेच. आणि ज्यांनी गच्ची जाहिरातीच्या फलकासाठी भाड्याने दिली आहे त्यांनी रचना अभियंत्याचा दाखला मागावा, दर वर्षी, आणि तो स्वतः वाचावा. १३ मे २०२४ला मुंबईत घाटकोपरला असा एक अजस्र फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ माणसं गेली. फलक म्हणजे शीडच आहे, फक्त बोट नाही. भाड्याचे पैसे येतात म्हणून इकडे डोळेझाक करणारी समिती मला तरी माफ करण्यासारखी वाटत नाही.

इमारतीला रंगकाम चालू असेल तर परांचीवरची हिरवी जाळी विसरू नका. वारा जाळीतून आरपार जातो असं वाटतं, पण बराचसा अडतो आणि सगळी परांची भिंतीपासून ओढू लागतो. इशारा आला की ठेकेदाराला जाळी गुंडाळायला लावा, फळ्या खाली उतरवायला लावा आणि परांचीचे भिंतीतले अडके तपासायला लावा. तो ‘काही होत नाही’ म्हणेल. आम्ही सगळे तेच म्हणायचो.

गच्चीच्या जिन्याचं दार हे सगळ्यात दुर्लक्षित. त्याची वरची कडी तुटलेली असते आणि खालच्या कडीला दोरी. हे दार धाडकन उघडलं की वारा जिन्यात घुसतो आणि आतून दाबू लागतो, हलकं छप्पर असेल तर खालून उचलू लागतो. १९९२ साली अमेरिकेत फ्लोरिडावर ‘अँड्र्यू’ चक्रीवादळ आलं तेव्हा कित्येक घरांची गॅरेजची मोठी दारं आधी आत गेली आणि मागोमाग छपरं उडाली. म्हणून तळमजल्यावरचं पार्किंगचं शटर आणि वरचं गच्चीचं दार, दोन्हींच्या कड्या-बिजागऱ्या आधीच नीट करून घ्या. याच कारणाने ‘खिडक्या थोड्या उघड्या ठेवा, म्हणजे दाब सारखा होतो’ हा सल्ला कुणी देत असेल तर ऐकू नका. खिडक्या घट्ट बंद. काचेवर चिकटपट्टीची फुली मारूनही काच वाचत नाही, उलट फुटली तर मोठे मोठे तुकडे होऊन येते. त्या पट्टीचे पैसे कडीकोयंड्यावर घाला.

सभासदांच्या बाल्कन्या हा नाजूक विषय, मला माहीत आहे. कुणाला कुंडी उचला म्हटलं की तो पार्किंगचं जुनं भांडण काढतो. तेव्हा त्यांना एकच आकडा सांगा. सातव्या मजल्यावरून, म्हणजे साधारण २० मीटरवरून पडणारी कुंडी जमिनीला टेकते तेव्हा तिचा वेग ताशी ७० किलोमीटरच्या घरात असतो. कठड्यावरच्या आणि ग्रिलमध्ये अडकवलेल्या कुंड्या आदल्या दिवशी जमिनीवर, भिंतीच्या आतल्या बाजूला. कपड्यांचे स्टँड, घडीच्या खुर्च्या, लहान मुलांची सायकल घरात. आमच्या इमारतीत एक आजी एकट्या राहतात. त्यांच्या अकरा कुंड्या आम्ही दोघांनी आत घेतल्या. अशा घरांची यादी समितीकडे हवी. कोण एकटं आहे, कुणाला विजेवर चालणारं ऑक्सिजनचं यंत्र लागतं, वीज गेली की कुणाला जिना उतरवावं लागेल, ही माहिती रात्री दोनला गोळा करता येत नाही.

झाडांबद्दल जरा जास्त बोलतो, कारण तिथे आपल्याच हातून पाप घडतं. आवारात पेव्हर ब्लॉक बसवताना खोडाला लागून सिमेंट करतात. पाइप टाकताना एका बाजूची मुळं छाटतात. मग झाड वरून हिरवंगार आणि खालून लंगडं. त्यावर पावसाने जमीन भिजलेली आणि फांद्या पानांनी लदलेल्या असल्या, की वाऱ्याला दोन्ही हातांनी धरायला जागा मिळते. इंग्लंडच्या दक्षिण भागात ऑक्टोबर १९८७मध्ये एका रात्रीच्या वादळात सुमारे दीड कोटी झाडं पडली. तिथेही पानं अजून गळायची होती आणि जमीन पाण्याने भरलेली होती.

म्हणून झाड तोडा असं मी म्हणत नाही. झाड कापायला टपलेल्या समित्या मी पाहिल्या आहेत, त्यांना हे पत्र दाखला म्हणून नको. वरून शेंडा छाटून ठोंब करू नका. त्यातून नंतर फुटणाऱ्या फांद्या कमकुवत बसतात आणि त्याच आधी मोडतात. वाळलेल्या आणि गाड्यांवर झुकलेल्या फांद्या जाणकाराकडून, रीतसर परवानगी घेऊन, वारा सुटायच्या मोसमाआधी विरळ करून घ्या. खोडाभोवतीचं सिमेंट उकरा. आणि एक गोष्ट वॉचमनला शिकवून ठेवा. बुंध्याजवळच्या मातीत एका बाजूला नवी भेग दिसली, किंवा वारा आला की जमीन श्वास घेतल्यासारखी वर-खाली होते असं वाटलं, तर ते झाड जायला निघालंय. त्याच्या आसपासच्या गाड्या आणि माणसं हलवायची, आधी हलवायची, मग फोन करायचा.

वॉचमनला वाराही मोजायला शिकवा. यंत्र लागत नाही. फ्रान्सिस ब्यूफर्ट नावाच्या ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्याने १८०५ साली वाऱ्याची शून्य ते बारा अशी मापपट्टी बसवली, ती मुळात जहाजाची शिडं किती पेलतील यावर होती. पुढे जमिनीवरच्या खुणाही जोडल्या गेल्या. अख्खी झाडं हलू लागली, वाऱ्यासमोर चालताना रेटा जाणवतो, तर अंक सात, ताशी ५० ते ६१ किलोमीटर. बारक्या काटक्या मोडून पडू लागल्या की अंक आठ, ६२ ते ७४. आमच्या वॉचमनला आम्ही सांगितलंय: काटक्या पडायला लागल्या की आवारात उभं राहायचं नाही, केबिन झाडाखाली असेल तर केबिनमध्येही नाही, सरळ जिन्याखाली यायचं. झाडं उपटण्याचा अंक दहा आहे, पण तुमचं लंगडं झाड तेवढी वाट बघणार नाही.

अंदाजात सांगितलेला वेग ऐकताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. तो बहुधा काही मिनिटांची सरासरी असतो, झोत त्याच्या दीडपट असू शकतो. आणि तो मोकळ्या जागी, जमिनीपासून दहा मीटर उंचीवरचा धरलेला असतो. तुमची गच्ची त्याहून उंच असेल तर तिथे वारा जास्तच. दोन उंच इमारतींमधल्या बोळात तर विचारूच नका.

शिवाय प्रत्येक वारा आगाऊ वर्दी देऊन येत नाही. चक्रीवादळ दोन-तीन दिवस आधी कळतं, पण गडगडाटी ढगातून खाली आदळणारा वारा काही मिनिटांत येतो. उकाडा असताना एकदम गार हवा अंगाला लागली, क्षितिजावर धुळीची भिंत दिसली, की तयारीची वेळ संपली. आत जायचं, एवढंच. म्हणून ‘इशारा आला की बांधू’ हे धोरण माझ्या मते धोरणच नव्हे. जे उडू शकतं ते गच्चीवर नकोच, आणि जे हवंय ते बारा महिने बांधलेलं हवं.

प्रत्यक्ष वारा चालू असताना समितीने काय करायचं? जवळजवळ काही नाही. लोकांना खिडक्यांपासून दूर, आतल्या खोलीत किंवा पॅसेजमध्ये बसायला सांगायचं. लिफ्ट खालच्या मजल्यावर आणून बंद करायची, पण तळघरात पाणी भरत असेल तर एक मजला वर. मेणबत्तीऐवजी बॅटरी. दारांच्या फटीतली लहान मुलांची बोटं सांभाळायची, माझ्या ओळखीत दोघांची चेचली आहेत आणि दोन्ही वेळा दार घरातलंच होतं. चक्रीवादळात वारा अचानक पडला आणि आभाळ मोकळं दिसलं तर व्हिडिओ काढायला गच्चीवर पळायचं नाही. तो वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग, असू शकतो, आणि त्याच्यामागून वारा उलट्या दिशेने येतो. आधीच्या वाऱ्याने एका बाजूला खिळखिळं केलेलं सगळं मग दुसऱ्या बाजूने सुटतं.

नंतरची सकाळही धोक्याची असते. तुटून पडलेल्या वायरपासून निदान दहा मीटर लांब. ती मेलेली आहे असं कुणीही सांगितलं तरी, वीज कंपनीचा माणूस येईपर्यंत ती जिवंतच समजायची. गाडीवर वायर पडली असेल आणि आग नसेल तर आतल्या माणसाने आतच बसायचं. जनरेटर तळघरात किंवा बंद पार्किंगमध्ये लावू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. उघड्यावर, खिडक्यांपासून सहा-सात मीटर दूर ठेवा. गच्चीवर जाण्याआधी खालून, समोरच्या इमारतीतून नीट बघून घ्या, की वर अर्धवट लटकलेलं काही आहे का.

तुमच्याकडे माझी मागणी लहान आहे. येत्या रविवारी समितीतल्या दोघांनी, पाना, हातोडी आणि वही घेऊन, तासभर गच्चीवर फिरावं. प्रत्येक वस्तूला हात लावून हलवून बघावं. हलली तर तिचं नाव वहीत. भंगार त्याच दिवशी खाली. कुणाचं आहे याची चौकशी नंतर, नाहीतर ते पुढल्या वार्षिक सभेपर्यंत तिथेच राहतं. आणि गच्चीच्या किल्ल्या तीन करा, तीन वेगवेगळ्या घरांत, त्यातली एक नेहमी घरी असणाऱ्या माणसाकडे.

आमच्याकडे त्या रात्रीनंतर तीन किल्ल्या झाल्या. परवा मी माझी लावून बघितली. किल्ली फिरेना. कुलूपच गंजलं होतं. तेल सोडलं, दहा मिनिटं थांबलो, तेव्हा कुठे उघडलं. नवीन कुलूप आणायचं काम आता खजिनदारांकडे आहे.

आपला,
एका इमारतीतला एक रहिवासी, निवृत्त फॅब्रिकेटर